यादीतली एक ओळ

"वहिनी, मिस्त्रींचं खातं कुणी बंद केलं?"

फोनवर मास्तर होते, कॉलेजात शिकवणारे. पंप आणि पाइपांचं गणित करणारा एक प्रोग्राम जगभरातली माणसं मिळून फुकट लिहीत होती, त्याचा कारभार ते बघत. तिचा नवरा पंप दुरुस्त करायचा; सगळे त्याला मिस्त्री म्हणत. सहा वर्षं तो त्या प्रोग्रामच्या वेबसाइटवर स्वतःचं खातं उघडून माहितीपुस्तिकेतल्या चुका सुधारून देत होता. पुस्तिकेच्या शेवटी मदत करणाऱ्यांची यादी असे. एक कमांड दिली की ती आपोआप तयार होई. या महिन्यात तिच्यात मिस्त्री नव्हते.

"मीच केलं," ती म्हणाली. "हे गेल्यावर बँक, गॅस, फोन, सगळं कागदावर लिहून एकेकावर फुली मारत होते. त्यात हेही गेलं. पुन्हा उघडा ना."

"नाही उघडत ते. आणि कमांड नाव उचलते खात्यावरून. खातं नाही, म्हणजे तिच्या लेखी माणूसच नाही."

"जळली मेली तुमची कमांड! जेवायला हाका मारमारून माझा घसा बसायचा, आणि म्हणे माणूसच नाही."

मास्तर हसले, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. "हाताने लिहिता येईल. पण दर महिन्याला यादी नव्याने बनते, तेव्हा ती ओळ पुसली जाणार. कमांड बनवणाऱ्यांना कळवलंय, उत्तर नाही. मी लिहीत जाईन."

"तुम्ही दोन महिने लिहाल आणि विसराल. मला शिकवा."

दोन रविवार मास्तर फोनवरून सांगत राहिले. तिने स्वतःचं खातं उघडलं. शिकताना नवऱ्याच्या जुन्या दुरुस्त्या वाचनात आल्या. एकीखाली त्याने लिहिलं होतं, 'उंची पाण्याच्या पातळीपासून मोजायची, टाकीच्या तळापासून नव्हे. लिहिणाऱ्याने पंप पाहिलेला दिसत नाही.' घरात तो इतकं कधी बोलला नव्हता. तिने ते दोनदा वाचलं, मग यादीत त्याची ओळ लिहिली.

महिना संपला, नवी पुस्तिका आली. तिने यादी उघडली. ओळ पुसली गेली होती. ते ठाऊकच होतं. पण खाली एक नवं नाव होतं, फोटोसकट. तिचं स्वतःचं. पुढे लिहिलं होतं, 'माहितीपुस्तिकेला मदत'. तिच्या त्या एका ओळीची कमांडने नोंद घेतली होती.

तिने चष्मा पुसून घेतला, आपल्या नावाच्या वर एका ओळीची जागा केली आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याचं नाव लिहायला घेतलं.