पहिला खांदा

माझे बाबा जयवंत आणि समोरच्या खोलीत एकटे राहणारे लहूकाका, भोईवाड्याच्या आमच्या चाळीत पन्नास वर्षांचे शेजारी. भजनात एकाचा मृदंग, दुसऱ्याचे टाळ. जो आधी जाईल त्याला दुसऱ्याने पहिला खांदा द्यायचा, असं दोघांनी हसतहसत ठरवून टाकलं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी बाबांच्या हृदयात पेसमेकर बसवला. मांडीच्या शिरेतून आत सोडलेला, औषधाच्या कॅप्सूलएवढा, वायरबियर काही नाही. घरी सोडताना दिलेल्या कागदावर ‘वजन उचलू नये’ असं होतं. मी तो कपाटाला चिकटवला आणि बाबांना खुर्चीत बसवलं. पिशवी मी आणणार, बादली मी उचलणार, जिना फक्त दवाखान्यापुरता. मोठा शहाणा मुलगा ना मी.

गेल्या महिन्यात लहूकाका गेले. बाबा मला न विचारताच खाली उतरले आणि तिरडी उचलायला पुढे झाले. मी चारचौघांत त्यांचा दंड धरला.

“बाबा, आत मशीन आहे. मला दोन मयतं नकोत.”

ते मागे सरले. तिरडी वळणावर दिसेनाशी झाली तरी फाटकाशी उभेच होते.

काल तपासणी होती. डॉक्टर मृणालिनींनी स्क्रीनवर आलेख काढला, तर जवळपास सगळे ठोके मिनिटाला साठच्या आसपास. हे चालत नाहीत का, असं त्यांनी मलाच विचारलं. मग समजावलं, की आतलं यंत्र शरीराची हालचाल ओळखतं. माणूस चालायला, चढायला लागला की ठोके आपोआप वाढवतं, बसला की कमी करतं. मी कागदाचं सांगितलं. ती मनाई मांडीची जखम भरेपर्यंतची, आठवडाभराची होती. खालच्या ओळीत तसं लिहिलंही होतं. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

शर्टाची बटणं लावत बाबांनी विचारलं, “मॅडम, कुणाला खांदा देऊन दहा पावलं चाललो असतो तर?”

“आरामात, काका. त्यासाठीच तर बसवलंय ते.”

बाहेर मी टॅक्सीला हात केला, पण बाबा चालू लागले होते. वाटेत मी त्यांची माफी मागितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं; ते नुसते चालत राहिले. चाळीत शिरले, दोन मजले चढले आणि लहूकाकांच्या कुलूप लावलेल्या दारापाशी थांबले.

“जरासुद्धा दम नाय लागला रे मला,” ते म्हणाले, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागले.