आधी ढवळा, मग बोला

मी एक जुनी ढवळणी आहे. हसू नका, मित्रांनो! ताकाची रवी वेगळी आणि मी वेगळी. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला भोकं पाडलेली पितळी चकती, एवढंच माझं रूप. दुधाच्या कॅनमध्ये मला खाली-वर करायचं, म्हणजे तळाचं दूध वर येतं, वरची साय खाली जाते आणि सगळं एकजीव होतं. तपासणीसाठी नमुना घ्यायचा तो त्यानंतर. काम एवढंसं आहे. पण ते राहून गेलं तर काय होतं, ते मी दोनदा पाहिलं आहे.

निलंग्याच्या बाजारात खाजामियाँ भांड्यांना कल्हई करत. त्यांची मुलगी सालेहा अन्न निरीक्षक झाली, तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी मला घडवायला बसले. "अब्बा, सरकार देतंय की सामान," सालेहा म्हणाली. खाजामियाँनी मान वर न करताच उत्तर दिलं, "सरकारचं सरकारपाशी. हे तुझ्या बापाचं. बेटी, दूध वर येक अन् तळाला येक असतंय. आधी खालीवर कर, मंग बघ."

सालेहा मला कधी स्वतः वापरत नसे. दूधवाल्याच्याच हातात मला देऊन ती म्हणायची, "तुमचं दूध, तुम्हीच ढवळा." मग कुणाला कुरकुर करायला जागाच राहायची नाही. बाजारातले लोक तिला गमतीनं 'ढवळणीवाली म्याडम' म्हणत. मला काय तोरा चढायचा म्हणून सांगू!

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. गावंच्या गावं पडली आणि माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आली. तिथल्या लेकरांसाठी आसपासच्या गावांतून दूध यायचं आणि ज्याचं त्याच्या वेगळ्या तोटीच्या पिंपात ओतून ठेवलं जायचं. चतुराबाईचं घर पडलं होतं, म्हशी तेवढ्या वाचल्या होत्या. ती रोज सकाळी दूध आणून घालायची. एके दिवशी बाहेरून आलेल्या एका साहेबानं तिच्या पिंपाची तपासणी केली. माणूस वाईट नव्हता, पण घाईत होता. त्यानं सरळ खालची तोटी सोडली. तळाचं दूध पातळच असणार. "साय काढून दूध देता होय? तेही इथं?" असं तो तिला सगळ्यांसमोर बोलला आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

सालेहा आणि मी दुपारी तिथं पोचलो. चतुराबाई पिंपाजवळ बसून रडत होती. "बाई, घर पडलंय माझं, इमान न्हाई पडलं," ती म्हणाली. सालेहानं तिच्याकडूनच दूध ढवळून घेतलं, पुन्हा तपासलं. दूध चोख होतं. तिनं तसं शेडभर फिरून सांगितलं. पण आयांचं मन एकदा विटलं ते विटलंच. चतुराबाईचं दूध त्या शेडमध्ये पुन्हा कुणी घेतलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण मी तिथं सकाळी असायला हवं होतं.

वर्षं गेली. लातूरच्या रस्त्यांवर क्लासच्या पाट्या लागल्या. घरोघरी भाड्यानं राहणारी पोरं आली, डबे आले. मुखेडचं, देगलूरचं पोरगं ट्रंक घेऊन एसटीतून उतरलं की समजायचं, हे परीक्षेला बसायला आलंय. तिकडे दिल्लीत अन्नाचा नवा कायदा झाला. आजवर प्रत्येक राज्य आपल्या निरीक्षकांना आपल्या पद्धतीनं शिकवत असे. आता साऱ्या देशासाठी एकच प्रशिक्षण तयार करायचं ठरलं. ते आखणाऱ्या मंडळींत सालेहाला बोलावलं. तिनं त्यात एक अख्खा दिवस बाजारासाठी मागितला. शिकणाऱ्यानं खऱ्या दुकानात, खऱ्या माणसासमोर नमुना घ्यायचा.

दिल्लीच्या साहेबांनी त्या दिवसावर फुली मारली. "प्रश्न घाला, चार पर्याय द्या. संगणकावर सगळं होतं." सालेहा हट्टाला पेटली. "साहेब, एकदा लातूरला या. एक दिवस करून बघू. नाही पटलं, तर खुशाल काढून टाका." साहेब हो म्हणाले. सालेहाच्या मनात चतुराबाई होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

लातूरला पहिली तुकडी जमली. त्यात मुखेडची ऋतुजा होती, इथल्याच क्लासमध्ये शिकलेली, भारी हुशार पोरगी. सकाळच्या परीक्षेत तिचं एकही उत्तर चुकलं नाही. टाळ्या पडल्या. साहेबांनी सालेहाकडे 'आता बोला' अशा नजरेनं पाहिलं.

मग सगळे चौकात गेले. शिरूर अनंतपाळचा भागवत तिथं तोटीचा कॅन लावून दूध विकत होता. बायका पातेली घेऊन उभ्या होत्या. सालेहानं मला ऋतुजाच्या पिशवीत दिलं होतं आणि मी मनातल्या मनात ओरडत होते, "अगं, मला बाहेर काढ!" पण साहेब मागे उभे होते आणि पोरगी भांबावली होती. तिनं तोटी सोडली, दुधात साय किती ते मोजणाऱ्या यंत्राला दूध लावलं, आकडा पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "यातली साय काढलीये!"

बायकांनी पातेल्यांवर झाकणं घातली.

"ताई, काय बोलायलाव तुम्ही!" भागवत कॅनपुढं येऊन म्हणाला. "आज्ज्यापासून दूध घालतो आम्ही हितं."

सालेहा हळूच म्हणाली, "ऋतुजा, ढवळलंस का?"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं मला काढून भागवतच्या हातात दिलं. त्यानं मला तळापासून वरपर्यंत चार-पाच वेळा फिरवलं. दुसरा नमुना चोख निघाला. तोवर रांग पांगली होती. ऋतुजा धावत बायकांच्या मागं गेली. "काकू, चूक माझी हाय. दूध लई चांगलं हाय, या ना परत!" एक बाई थांबून म्हणाली, "घरात लेकरं हायत, माय. विषाची परीक्षा कोण घेईल?"

ऋतुजा परत आली. साहेब समजुतीनं म्हणाले, "जाऊ दे. यावर एक प्रश्न वाढवू."

"तो प्रश्न सकाळी आला होता, सर," ती म्हणाली. "मी बरोबर सोडवला होता. उत्तर येत होतं, हात गेला नाही."

साहेबांनी भागवतकडे पाहिलं. तो कॅनचं झाकण लावत होता. "मॅडम," त्यांनी सालेहाला विचारलं, "एक दिवस पुरेल?"

"कमीच आहे, साहेब."

बाजाराचा दिवस प्रशिक्षणात राहिला. त्यात ऋतुजानं सुचवलेला नियमही आला. आधी विक्रेत्याकडून ढवळून घ्या, मग नमुना घ्या, आणि प्रयोगशाळेचं उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडू नका.

आता माझ्या जागी चकचकीत स्टीलच्या ढवळण्या आल्या आहेत. मी प्रशिक्षणाच्या खोलीत एका खिळ्याला असते, धूळ खात. त्याचं मला दुःख नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण मला पुसा म्हणून मी तुमच्या पाया पडत नाही. नव्या ढवळण्या तेवढ्या पिशवीतून वेळेवर बाहेर काढा. आणि मित्रांनो, तुम्ही निरीक्षक व्हा, नाहीतर आणखी कुणी व्हा, माणसाला चारचौघांत नाव ठेवण्याआधी जरा खालीवर करून बघा. त्याला मिनिटभर लागतं. गेलेली गिऱ्हाइकं परत यायला किती लागतं, ते भागवतला विचारा. मात्र त्यासाठी तुम्हाला शिरूर अनंतपाळला जावं लागेल. लातूरच्या चौकात तो आता येत नाही.