सध्या काय ऐकतोयस?

नवरा सलग तिसऱ्या दिवशी "छान होतं" म्हणाला, तेव्हा दातवालीच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच आदळला.

दातवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे, त्यांवर ती मेणात एकेक दात लावायची, कवळी तयार झाली की घासायची, चकाकवायची. गल्लीत सगळे तिला दातवालीच म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते या "छान होतं"चं.

"काय छान होतं?" तिने विचारलं.

"सगळंच."

"क्लॅरिनेट की गाणारी बाई?"

नवऱ्याने क्षणभर विचार केला. "दोन्ही."

तिने सकाळी त्याला जे पाठवलं होतं त्यात ना क्लॅरिनेट होतं ना बाई. एक म्हातारा एकटाच व्हायोलिन वाजवत होता, आणि मध्येच थांबून खोकत होता. त्या खोकल्यासाठीच तर तिने ते पाठवलं होतं. तिला वाटलं होतं, रात्री दोघं त्यावर हसतील.

नवऱ्याने खिशातून पांढरी डबी काढली, इअरबड्स कानांत घातले आणि खिडकीपाशी खुर्चीत बसून डोळे मिटले. झालं! संपला संवाद.

हे असं नव्हतं आधी. दोघांची ओळखच मुळी गाण्यांवरून झाली होती. एकाच बसची वाट बघत उभे असताना त्याने विचारलं होतं, "काय ऐकताय?" आणि तिने काही न बोलता एका कानातलं काढून त्याच्या हातात दिलं होतं. लग्नानंतर रोज रात्री जेवण आटोपलं की एक गाणं त्याचं, एक तिचं. सध्या काय ऐकतोस, का ऐकतोस, कुठल्या ओळीला अंगावर काटा येतो. आणि दोघांमधलं जे जे अवघड होतं ते त्या दोन गाण्यांनंतरच बोललं गेलं होतं. घर बदलायचं ठरलं ते तेव्हाच. आपल्याला मूल होणार नाही, हे एकमेकांना कबूल केलं तेही तेव्हाच.

मग त्याची बदली झाली. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आधी तो नकाशांच्या खात्यात होता, आता त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडून लोकांचा आरडाओरडा. नळाला पाणी नाही, आलं ते गढूळ आहे, शेजारणीला येतं मग आम्हाला का नाही. घरी यायचा तो गळून गेलेला. गाणं लावलं की म्हणायचा, "आज नको, कान तापलेत." एक आज झाला, चार झाले, मग रोजच आज झाला.

दातवालीने पदर खोचून उपाय केला. त्याच्या वाढदिवसाला तिने चांगल्यातले इअरबड्स आणले. त्यातून आवाज इतका गोड येतो की तापलेले कानसुद्धा निवतील, असं दुकानदार म्हणाला होता. आणि काय आश्चर्य, नवऱ्याने ते त्याच दिवसापासून घातले. सोन्याहून पिवळं, तिला वाटलं. पण पुढे विचारलं, सध्या काय ऐकतोयस, की उत्तर यायचं, "असंच, काहीतरी." स्वतः होऊन त्याने एकही गाणं तिला ऐकवलं नाही. तिने पाठवलेल्यांवर मात्र "छान होतं"चा शिक्का ठरलेला.

कारखान्यात याबाबत एक अलिखित नियम होता. दात घासायच्या यंत्रांचा दिवसभर घरघराट, त्यामुळे जो तो कानात गाणी घालून बसायचा. ज्याच्या कानात काही आहे तो माणूस तिथे नाही असंच धरायचं. त्याच्याशेजारी उभं राहून त्याची खुशाल नक्कल करावी, त्याच्या सासरचा उद्धार करावा, कुणी काही म्हणत नसे. त्याला हाक मारायची असेल तर टेबलावर दोनदा टकटक करायचं, म्हणजे तो कानातलं काढायचा. मग सगळे सभ्य.

दातवालीने हा नियम जसाच्या तसा घरी आणला. जेवायला वाढलं की टेबलावर टकटक. बाकी वेळी नवरा खुर्चीत असून नसल्यासारखा, आणि तिचं तोंड मोकळं. ओट्याशी उभी राहून ती मोठमोठ्याने बोलायची. सासूबाईंनी पाठवलेल्या स्वेटरबद्दल बोलायची, त्याच्या घोरण्याबद्दल बोलायची, "घरात माणूस आणलाय की कपाट" असंही म्हणायची. बोलून बरं वाटायचं.

आणि ताईशी बोलायची. ताई तिची थोरली बहीण, दूरच्या शहरात असायची. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात नवा विभाग निघत होता आणि ताईने शब्द टाकला होता. त्या लोकांनी दातवालीचं काम बघितलं, फोनवर तासभर बोलले आणि विभागच सांभाळायला ये म्हणाले. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. अशी संधी तिला पुन्हा मिळणार नव्हती, आणि गेली तर हे घर, ही खुर्ची आणि खुर्चीतला माणूस यांचं काय होणार, ते तिला कळत नव्हतं.

"अगं पण त्याला सांगितलंस का?" ताई दर वेळी विचारायची.

"काय सांगू? कान उघडे असले तर सांगेन ना!" खुर्चीभोवती फिरत फिरत दातवाली म्हणायची. "ताई, खरं सांगू? मला कंटाळा आलाय याचा. मी गेले तर याला चार दिवसांनी कळेल."

तिला हे त्याला सांगायचं होतंच. पण दोन गाण्यांनंतर, नेहमीसारखं. हट्ट म्हणा हवं तर. रोज रात्री ती टकटक करायची, विचारायची, "सध्या काय ऐकतोयस?" तो म्हणायचा, "असंच." आणि तिच्या ओठांवर आलेलं परत पोटात जायचं. राग यायचा, रडू यायचं, आणि भांडी घासताना ती भांड्यांवरच सूड उगवायची.

बुधवारी तिचा स्वतःचा एक इअरबड कानातून निसटून प्लास्टरच्या घमेल्यात पडला. प्लास्टर कुणासाठी थांबत नाही. काढेपर्यंत तो त्यातच घट्ट बसला होता. गुरुवारी सकाळी नवरा घाईत डबी बेसिनपाशीच विसरून गेला, तेव्हा तिने ती उचलली आणि कामावर नेली. एक दिवस त्याला नाही मिळाली तर काही आभाळ कोसळत नाही.

कारखान्यात तिने बड्स कानांत घातले. मोबाइलला ते सापडेनात. बंद केलं, चालू केलं, फुंकर मारली. काही नाही. शेवटी तिने शेजारच्या टेबलावर टकटक केली. तिथे मेणवाली बसायची. मेण वितळवून साच्यांवर थापायचं काम तिच्याकडे, दातवालीच्या घरातलं सगळं तिला ठाऊक, आणि असल्या वस्तूंचं तिला वेड. तिने डबी हातात घेतली, बड्स उलटे केले आणि हसत सुटली.

"अगं, ही पट्टी कुणी काढायची?"

दोन्ही बड्सच्या बुडाशी नखाएवढी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चिकटलेली होती. नवी वस्तू दुकानातून येते तेव्हा असते ती. ती सोलून काढल्याशिवाय बड्स डबीत चार्जच होत नाहीत.

"म्हणजे?"

"म्हणजे हे एकदाही चार्ज झालेले नाहीत. यातून कधी काही वाजलंच नसणार."

"कसं शक्य आहे? रोज घालून बसतो की तो! मग इतके दिवस ऐकत काय होता?"

मेणवालीने खांदे उडवले. "तुलाच," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

दातवालीला सासूबाईंचा स्वेटर आठवला. कपाट आठवलं. मग ताईचे फोन एकामागून एक आठवत गेले, आणि "कंटाळा आलाय याचा" हे आपण त्याच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून म्हटलं होतं, तेही आठवलं. त्या दुपारी तिने एकाचे वरचे दात दुसऱ्याच्याच साच्यावर लावले, आणि ते मेणवालीने वेळेत बघितलं म्हणून निभावलं.

पण घरी पोचेपर्यंत लाजेचा पुन्हा राग झाला होता. नवरा खुर्चीत बसलेला होता, कान मोकळे. तिने त्या दोन पट्ट्या त्याच्यासमोर टेबलावर ठेवल्या. टकटक केली नाही.

"हे काय?" त्याने विचारलं.

"हे पहिल्या दिवशी काढायचं असतं."

त्याने एक पट्टी बोटावर घेऊन उजेडात धरली. "म्हणजे ते बिघडलेले नव्हते?"

"तुला बिघडलेले वाटले, तर सांगायला काय झालं होतं?"

"तू एवढ्या हौसेने आणले होतेस. म्हटलं, हिरमुसशील. नुसते घातले तर तू खूश झालीस. आणि खरं सांगतो, ते घातले की शांत वाटायचं. दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी काही विचारत नसे."

"माझी गाणी?"

"बसमध्ये फोनवरच मोठ्याने लावून बघितलं एकदा, लोकांनी डोळे वटारले. घरी लावलं असतं तर तू विचारलं असतंस, बड्स का नाही घालत."

"म्हणून थापा मारल्यास! आणि मी जे बोलत होते ते?"

त्याने बोटावरची पट्टी उलटी केली.

"सगळं ऐकलंस?"

"स्वेटरबद्दलचं अगदी बरोबर होतं," तो म्हणाला. तिला हसू आलं नाही हे बघून त्याने मान खाली घातली.

"ताईशी बोलले ते?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या फोनपासून."

दातवाली त्याच्या समोरच्या खुर्चीत मटकन बसली. "आणि तू तोंडातून चकार शब्द काढला नाहीस? बायको घर सोडून जायच्या गोष्टी करतेय, आणि तू डोळे मिटून बसलास? एकदा तरी म्हणायचंस, जा! नाहीतर म्हणायचंस, जाऊ नको! काहीतरी म्हणायचंस!"

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू रोज टेबल वाजवायचीस तेव्हा वाटायचं, आता सांगणार. आणि तू विचारायचीस, सध्या काय ऐकतोयस. मी काय सांगणार होतो?"

"खरं सांगायचं होतंस!"

"दिवसभर लोक मला सांगतात, पाणी नाही. माझ्या हातात पाणी सोडणं नाही. मी म्हणतो, तुमची तक्रार नोंदवली आहे. तेवढंच म्हणायची परवानगी आहे मला. तुझं ऐकलं तेव्हाही... मला दुसरं काही म्हणायचं सुचेचना गं. ऐकून घेत गेलो."

तिला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला. इतके दिवस दोघं एकाच खोलीत एकमेकांची वाट बघत बसले होते, तिची चीड त्याला पाठ झाली होती, आणि तरी तिने त्याला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. ताईला सांगितलं होतं, मेणवालीला सांगितलं होतं, ओट्याला आणि भांड्यांना सांगितलं होतं. ज्याला सांगायचं त्याने ते चोरून ऐकलं होतं.

"मग आता सुचेल ते म्हण," ती म्हणाली. "नोंदवलं सोडून काहीही."

बोटावरची पट्टी त्याने टेबलाच्या कडेला चिकटवली, काढली, पुन्हा चिकटवली.

"जा," तो म्हणाला. "पण मला सांगून जा."

दातवालीने तोंड उघडलं. ताईशी बोलताना हेच शब्द कसे घडाघडा यायचे, आणि आता तो समोर बसून तिच्याकडे बघत होता तर पहिलाच शब्द सापडेना. तिने डोळे पुसले. खुर्ची जरा पुढे ओढली.

"मला नोकरी मिळाली आहे," ती म्हणाली.

त्याला शहर माहीत होतं, कारखाना माहीत होता, पगार माहीत होता, उद्या शुक्रवार आहे हेही माहीत होतं.

"कुठे?" त्याने विचारलं.