स्वयंपाकघराकडचं फाटक

माझ्या भावाला शेतकरी तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठीमागे ब्रश. तीस वर्षं तो माती तपासणी खात्यात होता. गाडीच्या डिकीत एक टब, ताठ केसांचा एक ब्रश आणि औषधाच्या पाण्याचा कॅन. कुणाच्याही शेतात शिरण्याआधी बूट घासायचा, बाहेर पडल्यावर पुन्हा घासायचा, आणि मालकालाही घासायला लावायचा. एकदा एका बाईने त्याला बांधावर चहा आणून दिला, तर हा म्हणाला, "आधी तुमच्या चपला दाखवा." ती बाई मला भेटेल तिथे हा किस्सा ऐकवायची. मला राग यायचा नाही. मला दादाचा अभिमान होता. आता हा शब्द लिहिताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं.

घासायचं कारण एक किडा. सूत्रकृमी. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, बटाट्याच्या मुळात शिरतो. त्याची मादी मुळात तोंड खुपसून बसते, पिऊन पिऊन फुगते आणि तिथेच मरते. मेल्यावर तिच्या कातडीची टणक पिशवी होते, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि आत तीन-चारशे अंडी. खात्याच्या कागदावर तिला पुटी म्हणतात, आम्ही मणी म्हणतो. हा मणी मातीत वीस-वीस वर्षं नुसता पडून राहतो. जवळ बटाट्याचं मूळ आलं की त्याच्या वासाने अंडी उठतात. दादा शेतकऱ्यांच्या बैठकीत सांगायचा, "मेल्यावरही पोरांना पोटात सांभाळते, बघा आईची माया." बायका माना डोलवायच्या. मला ते कधी पटलं नाही. सगळ्या पोरांना दुसऱ्याच्या ताटावर बसवून जाणाऱ्या बाईचं कसलं कौतुक? तर असे पन्नास मणी चिखलाच्या एका ढेकळात मावतात, आणि ढेकूळ बुटाला चिकटून कुठेही जातं.

आम्ही बियाण्याचा बटाटा करायचो. खायचा बटाटा कुणीही पिकवेल. बियाण्याला मात्र शेत निर्मळ असल्याचा खात्याचा दाखला लागतो, दर वर्षी नवा. नवऱ्याच्या आजोबांपासून आमचा दाखला एकदाही चुकला नव्हता. नवरा त्याबद्दल बोलायला लागला की पाहुणे घड्याळ बघायचे.

दादा आमच्या शेतात वर्षातून एकदा साहेब म्हणून यायचा. रस्त्याकडच्या मोठ्या फाटकातून, बूट घासून, हातात नमुन्याच्या पिशव्या घेऊन. नवऱ्यालाही तो "जरा बाजूला उभे राहा" म्हणायचा. आणि वर्षातून पन्नास वेळा भाऊ म्हणून यायचा, स्वयंपाकघराकडच्या छोट्या फाटकातून, जेवायला. दुपारी कुठल्यातरी शेतातलं काम अर्धं टाकून यायचा, जेवून परत तिथेच जायचा. मग मधल्यामध्ये बूट कोण घासणार? तो आमच्या शेतात थोडाच येत होता, तो बहिणीकडे येत होता. त्याच्या डोक्यात या दोन वेगळ्या जागा होत्या. माझ्याही.

पाच वर्षांपूर्वी, पीक फुलावर असताना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला कोपऱ्यातली झाडं खुजी दिसली, हिरव्या पिकात डाग पडल्यासारखी. दुपारी माना टाकायची, संध्याकाळी उचलायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय. नवऱ्याने दोन दिवस पाणी दिलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या दादाला फोन कर."

दादा आला, यावेळी मोठ्या फाटकातून. खुरप्याने एक झाड अलगद उचललं, मुळं बादलीतल्या पाण्यात हलवली आणि उन्हात धरली. मुळांवर बारीक मणी होते. काही पांढरे, काही पिवळे, दोन-चार तपकिरी झालेले. इतके नीट ओवलेले की मी नकळत म्हणाले, "किती सुंदर दिसतात." नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे दोन दिवस जपूनच बोलले.

दाखला गेला. त्या जमिनीत बियाणं करायचं नाही, आमच्या हयातीत तरी नाही. त्याला काही इलाज नव्हता. पण खात्याच्या अर्जात एक रकाना असतो, प्रसाराचा संभाव्य मार्ग. त्यात दादाने लिहिलं: भाड्याने आणलेला नांगर.

नांगरवाला आमच्याकडे चार वर्षं येत होता. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. एक ट्रॅक्टर, एक नांगर, आणि आसपासची आठ-नऊ शेतं. आमचा स्वतःचा ट्रॅक्टर मोडीत निघाल्यावर नवऱ्यानेच त्याला शोधून आणलं होतं आणि "नांगरट बघ, वहीवरच्या रेघा" म्हणून चारचौघांत त्याचं कौतुकही केलं होतं. आता तोच नवरा त्याच्यावर अंगणात ओरडत होता. आजोबांपासूनचा सगळा पाढा वाचून झाला. नांगरवाला एवढंच म्हणत राहिला, "मी दर शेतानंतर धुतो हो. आणि मी तर मोठ्या फाटकातून येतो, डाग पडलाय इकडे."

दादा शेजारीच उभा होता. म्हणाला, "माती चाकाबरोबर कुठेही जाते."

साहेबच म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. खात्याची संशयितांची यादी लागली, नांगरवाल्याचं नाव तिच्यात आलं, आणि आठ दिवसांत सगळ्याच शेतांनी त्याला नको म्हटलं. त्यांचं तरी काय चुकलं? दाखला सगळ्यांनाच प्यारा.

मी भांडी घासत खिडकीतून रोज तो डाग बघत होते. आमच्या घरातून खात्याच्या बैठकांना मी जायचे, नवरा कधी गेला नाही. घरचाच साहेब असताना बैठकीला कशाला जायचं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दादाचं सगळं भाषण मला पाठ होतं आणि नवऱ्याला त्यातलं अक्षर माहीत नव्हतं. दादा दर बैठकीत सांगायचा: डाग डोळ्यांना दिसला म्हणजे किडा येऊन बारा-पंधरा वर्षं झाली समजा, आणि नांगराच्या दिशेने तो लांबत जातो, पण जिथून आला तिथे सगळ्यात दाट असतो. आमचा डाग लांबोळका होता. सगळ्यात दाट होता तो छोट्या फाटकापाशी, कुंपणाला बसवलेल्या लोखंडी पट्टीखाली.

ती पट्टी बुटांचा चिखल खरवडायची होती. ती मी बसवून घेतली होती. दादाने एकदा माझी नुकती पुसलेली फरशी बुटांनी बरबटवली, तेव्हा मी थयथयाट केला होता. "साहेब असशील तुझ्या खात्यात! आधी बूट खरवड, मग आत ये." तेव्हापासून अठरा वर्षं तो शहाण्या मुलासारखा पट्टीवर बूट खरवडत होता, आणि खरवडलेलं खाली पडत होतं. खाली आमच्या बटाट्याची शेवटची ओळ.

हे लक्षात आलं तेव्हा माझ्या हातात तवा होता. तो मी घासतच राहिले. बराच वेळ.

पुढच्या वेळी दादा जेवायला आला. नवरा गावात गेला होता. मी त्याला वाढलं, आणि तो दोन घास जेवल्यावर म्हणाले, "दादा, नांगरवाला चार वर्षांपूर्वी आला."

"मग?"

"डाग दिसायला बारा-पंधरा वर्षं लागतात ना?"

"साधारण."

"आणि त्या कोपऱ्यात नांगर वळतसुद्धा नाही, कुंपण आड येतं. तिथे कोण येतं?"

त्याने पाणी प्यायलं. ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला, रिकामा होता. मला तेव्हा कळलं की हे त्याला पहिल्या दिवशीच, ती मुळं उन्हात धरली तेव्हाच कळलं होतं.

"रकान्यात काहीतरी लिहावं लागतं, छोटे."

"अज्ञात लिही."

"अज्ञात लिहिलं की वरून पथक येतं. शेतात कोण कोण येतं त्याची यादी करतात, एकेकाला बोलावतात. मला सात महिने राहिलेत."

"आणि त्याला किती राहिलेत?"

"त्याच्याकडे ट्रॅक्टर आहे. वाळू वाहील, विटा वाहील. ट्रॅक्टरवाला उपाशी मरत नाही." मग अगदी हळू, लहानपणी माझी समजूत घालायचा त्याच आवाजात म्हणाला, "बरं, मी खरं लिहितो. तू भाऊजींना काय सांगशील? बूट तिथे खरवडायला कुणी लावलं?"

मी त्याला भात वाढला.

नंतर मी स्वतःची पुष्कळ समजूत घातली. भाऊ आहे, नोकरीचा शेवट आहे, वहिनीची तब्येत नाजूक आहे. सगळं खोटं. मला दादाची कणभरही दया आली नव्हती. मला नवऱ्याची भीती वाटत होती. तो अंगणात नांगरवाल्यावर ओरडला तसा माझ्यावर ओरडेल, आणि मग ओरडायचा थांबेल आणि उरलेलं आयुष्य मला काहीच बोलणार नाही, याची भीती. एक फरशी स्वच्छ राहावी म्हणून मी त्याच्या आजोबांचं शेत घालवलं होतं. मी मूग गिळून बसले.

दादा सात महिन्यांनी निवृत्त झाला. निरोपसमारंभात शेतकऱ्यांनी त्याला चांदीच्या मुठीचा ब्रश भेट दिला. हॉलमध्ये हशा पिकला, दादाही हसला. नवरा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या शेजारी बसून वाजवत होते.

त्यानंतर महिन्याभराने नांगरवाला आमच्या दारात आला. नवरा घरी नव्हता. बहुतेक तेवढं बघूनच आला असावा. मी त्याला आत बोलावलं. तो दारातच थांबला, बूट काढून बाजूला ठेवले, मग आत आला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. त्याने पाय खुर्चीखाली घेतला.

"ट्रॅक्टर दिला विकून," तो म्हणाला. "नांगरही. उद्या लोक न्यायला येतील. मुलीकडे जातोय राहायला, तिच्या नवऱ्याने गोदामात चिकटवून दिलंय."

मी चहा ठेवला. पाठ त्याच्याकडे करता आली म्हणून बरं वाटलं.

"ताई, जायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय. साहेबांना नाही सांगू शकलो, तुमच्या मालकांसमोर तर तोंड उघडत नाही." माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली. "मी सगळ्यांना छातीठोक सांगत होतो, नांगर दर वेळी धुतो म्हणून. पण इतके महिने रोज आठवतोय, एकेक दिवस काढून आठवतोय. तुमच्याकडच्या दुसऱ्या वर्षी एक दिवस होता. पलीकडच्या शेतात उशीर झाला, पाण्याचा पाइप फुटला होता. त्या दिवशी धुतला की नाही, मला नक्की सांगता येत नाही. नसेलच धुतला. साहेब एवढे जाणकार, ते उगाच लिहितील का?"

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला.

"तुमच्या तीन पिढ्यांचं शेत माझ्या आळसाने गेलं, ताई. मला झोप लागत नाही."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी शपथेवर सांगते. मी वळले. तो खुर्चीच्या कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा माझ्याकडे बघत.

मी त्याच्यासमोर कप ठेवला.

"झालं ते झालं," मी म्हणाले. "मुद्दाम थोडंच केलंत? मनाला लावून घेऊ नका. मी माफ केलं तुम्हाला."

त्याने डोळे पुसले आणि माझे आभार मानले.