ह्यांना विचारून सांगते

सुमतीबाईंच्या संसारात एक वाक्य फार कामाचं होतं. भिशीत नाव घालायचं नसलं, नणंदेकडे आठ दिवस राहायचा कंटाळा असला, शेजारणीबरोबर टिटवाळ्याला जायचं जिवावर आलं, की त्या पदर सारखा करत म्हणायच्या, "ह्यांना विचारून सांगते." आणि दुसऱ्या दिवशी तोंड बारीक करून, "नाही हो म्हणाले." निम्म्या वेळा त्यांनी विचारलेलंच नसायचं. पण भाऊंचा दराराच असा, की त्यांच्यापुढे जाऊन खातरजमा करायची कुणाची छाती नव्हती.

भाऊ म्हणजे त्यांचे यजमान. कॉलेजच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरचे-दारचे सगळे त्यांना भाऊच म्हणत, पुण्याला असलेला मुलगा आल्हादसुद्धा. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून घरातल्या पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं भाऊ ठरवणार. चहात साखर कमी पडली तर कपबशी पुढे सरकवून "हे काय?" एवढंच म्हणणार. सुमतीबाई मनातल्या मनात चरफडायच्या. देवापुढे हात जोडून त्यांनी कितीदा तरी मागितलं होतं, की ह्या माणसाला एकदा तरी मला विचारायची बुद्धी दे.

देवानं ऐकलं. पण देवाचं ऐकणंही कधीकधी सरकारी असतं, मागितलं एक आणि मंजूर भलतंच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दाढी करता करता भाऊंचा उजवा हात बधिर झाला आणि रेझर बेसिनमध्ये पडला. ठाण्याला नेलं. स्ट्रोक होता, अगदी छोटा. हात चार दिवसांत हलायला लागला, बोलणं शाबूत, चालणं शाबूत. "नशीब बलवत्तर," म्हणत सगळे पेढ्यांची वाट बघू लागले. डॉक्टर तेवढे तसं म्हणाले नाहीत. त्यांनी सुमतीबाईंना समोर बसवलं.

"मेंदूत अगदी आत थॅलॅमस नावाचा भाग असतो. भिवंडीच्या ना तुम्ही? दिवा जंक्शन ठाऊक असेल."

"माहेर खारबावचं माझं, दिव्याच्याच लाइनीवरचं. ठाऊक नसून कसं चालेल?"

"मग तसंच समजा. गाड्या सगळ्या धड आहेत. कुठली गाडी कुठल्या रुळावर घालायची, ते जिथून होतं, नेमकं तिथं नुकसान झालंय. बोलतील, चालतील, पेपर वाचतील. पण निवड करणं, ठरवणं, आपणहून एखादी गोष्ट सुरू करणं जड जाईल. थोडं सुधारेलही. किती, ते आज मी सांगू शकत नाही."

सुमतीबाईंनी मान हलवली. माणूस हिंडता-फिरता घरी येतोय, ह्यापुढे त्यांना ते फार मोठं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर कळलं. भाऊंना उठवलं की उठत, वाढलं की जेवत. नाही उठवलं तर दुपारपर्यंत पलंगावर बसून राहत, चांगले जागे, डोळे उघडे. निळा शर्ट की पांढरा, असं विचारलं की दोन्ही शर्ट मांडीवर घेऊन बसत. दुसऱ्या मजल्यावरचे येऊन म्हणाले, "भाऊ, जिन्याला यंदा रंग काढू या ना?" भाऊ म्हणाले, "काढू या." संध्याकाळी तळमजल्यावरचे आले, "भाऊ, रंगाचं खूळ यंदा नको ना?" भाऊ म्हणाले, "नको." दोन्हीकडचे खूश होऊन परतले आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात एकमेकांच्या उरावर बसले. भाऊ आत शांतपणे पेपर वाचत होते. पूर्वी असा आवाज झाला असता तर ते दारात नुसते उभे राहिले असते आणि जिना रिकामा झाला असता.

एका दुपारी सुमतीबाईंनी मन घट्ट केलं आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं. भाऊ तो सगळा प्यायले.

"कसा झालाय?"

"चांगला झालाय."

त्या मोरीत गेल्या, नळ सोडला आणि रडल्या. त्यांना कपबशी सरकवलेली हवी होती. "हे काय?" हवं होतं. इतकी वर्षं ज्याचा राग राग केला, त्याच्यावाचून घर असं खायला उठेल, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

बरं, हे बोलायचं कुणाकडे? दिघाशीहून भाजी घेऊन येणारी चंद्रा दारात पाटी उतरवत म्हणाली, "लय शांत झालं गो भाऊ. आधी भेंडीचं टोक मोडून बघल्याबिगर घ्यायचं न्हाय. मना असा राग यायचा! आता काय बी दिलं तरी हाय म्हनतात. तू सुटलीस बाय."

"हो. सुटले," सुमतीबाई म्हणाल्या आणि आत येऊन त्यांनी भेंडीची टोकं स्वतः मोडून बघितली. निम्मी निबर होती.

मग आल्हादचा फोन आला. मुलगा गुणी, सूनही गुणी, त्यात वाद नाही. "आई, आमच्या समोरचा फ्लॅट रिकामा होतोय. मालकाला रविवारी सांगायचंय. तुम्ही दोघं इकडे या. एकटीनं किती दिवस निभावणार? निवेदिताही हेच म्हणतेय. ईरा तर आजोबा येणार म्हणून नाचतेय."

"ह्यांना विचारून सांगते," सुमतीबाई सवयीनं बोलून गेल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

तरी विचारलं. ह्या खेपेला खरोखरच विचारलं. "अहो, आल्हाद पुण्याला बोलावतोय. जायचं?"

"जाऊ या."

"आणि इथंच राहिलो तर?"

"राहू या."

"तुम्हाला काय वाटतं पण?"

भाऊंच्या कपाळाला आठी पडली. तीच जुनी आठी. सुमतीबाई बघत राहिल्या. काहीतरी जवळ आलं आणि निघून गेलं. आठी विरली.

"तुला काय वाटतं?" भाऊ म्हणाले.

उभ्या जन्मात जो प्रश्न ऐकायला त्या आसुसल्या होत्या तो असा आला, आणि आपल्याला काय वाटतं ते त्या शोधू लागल्या. भाऊ हो म्हणाले की आपल्याला नको होतं, ते नाही म्हणाले की आपल्याला हवं होतं, अशीच तर त्यांना आपल्या मनाची ओळख पटत आली होती. आता पलीकडून कुणी रेटतच नव्हतं.

शनिवारभर त्या विचार करत राहिल्या. पुण्याला माणसं होती, मदत होती, डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. अक्कल असलेल्या कुणीही जा म्हटलं असतं. पण तिथं भाऊ म्हणजे सोफ्यावर बसलेले एक गोड आजोबा होणार. हा माणूस पूर्वी कोण होता, हे त्या अख्ख्या सोसायटीत कुणाला ठाऊक असणार? इथं जिन्यातली पोरं अजून त्यांना बघून आवाज खाली करत. चंद्राला अजून मोडलेल्या भेंडीचा राग आठवत होता. तेवढ्याच सोबतीवर सुमतीबाईंचे दिवस जात होते. जायचं नाही, हे त्यांना हळूहळू कळत गेलं आणि कळल्यावर भीती वाटली. कारण हे ‘नाही’ त्यांचं एकटीचं होतं.

रविवारी सकाळी फोन वाजला. मागच्या गल्लीत यंत्रमाग खडखडत होते. सुमतीबाईंनी पदर सारखा केला.

"ह्यांना विचारलं रे. नको म्हणतात."

"भाऊ नको म्हणाले? स्वतःहून?" आल्हादचा आवाज एकदम चढला. "आई! अगं म्हणजे सुधारतायत ते! दे, दे त्यांना फोन."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खातरजमा करायला निघालं होतं, आणि तेही आनंदानं.  सुमतीबाईंनी स्पीकर लावून फोन भाऊंच्या पुढे धरला.

"भाऊ, तुम्ही पुण्याला यायला नाही म्हणालात?"

"हो," भाऊ म्हणाले. "नाही म्हणालो."

तिकडे आल्हाद हसला, लहानपणी हसायचा तसा. "बरं वाटलं ऐकून. पण का हो? काय अडचण आहे?"

 भाऊंनी फोनकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग सुमतीबाईंकडे वळून अगदी सरळपणे म्हणाले, "थांब. हिला विचारून सांगतो."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारायलाही मनात काही जुळवावं लागतं. "का गं?" त्यांनी विचारलं. "का नको?" आणि ते वाट बघत राहिले. संध्याकाळपर्यंतही बघत राहिले असते.

सुमतीबाई खुर्चीवर बसल्या.

"आल्हाद, ते नाही म्हणाले नव्हते रे. मी म्हणतेय. मला नाही यायचं."

 "म्हणजे भाऊ काहीच...?"

"काहीच नाही."

"मग तिथं एकटी काय करणार आहेस तू?"

"एकटी तर मी तिथंही असेन. इथं निदान ते कसे होते, हे माहीत असलेली माणसं आहेत."

 शनिवारी येतो म्हणून आल्हादनं फोन ठेवला.

"काय ठरलं?" भाऊंनी विचारलं.

"इथंच राहायचं."

"बरं."

त्या उठल्या, चहा ठेवला, त्यांना लागायची तेवढी साखर घातली आणि कप नेऊन हातात दिला. मिठाच्या त्या दुपारपासून, कसा झालाय, हे त्या रोज विचारत आणि त्यांच्या तोंडाकडे बघत थांबत. आज त्यांनी विचारलं नाही. शेजारी बसून त्या आपला चहा प्यायल्या.