पुस्तकापायी

सर्व्हिस सेंटरमध्ये सगळे त्याला थंडोबा म्हणायचे. एक तर तो फ्रिज दुरुस्त करायचा, आणि दुसरं म्हणजे छत कोसळायला लागलं असतं तरी हा हातातला पाना आधी पेटीत ठेवून मग बाजूला झाला असता. पण मालकाने सेंटर बंद करत असल्याचं सांगितलं, त्या दिवशी या थंडोबाने मोरीत जाऊन, नळ मोठा सोडून, पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकून टाकलं.

वय चोवीस. घरात आई आणि बाबा. बाबांची उजवी बाजू लुळी पडल्यापासून ते खिडकीजवळच्या कॉटवर असायचे, बोलणंही जड झालेलं. आई एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. निघण्याआधी ती याचा डबा भरायची. दुसऱ्या दिवशीही तिने डबा हातात दिला आणि म्हणाली, "तू आहेस म्हणून निभतंय रे." झालं! रात्रभर घोकून ठेवलेलं वाक्य राहूनच गेलं. त्याने डबा घेतला आणि कामावर निघाल्यासारखा निघाला.

खोटं एकदा बोलून भागत नाही, ते रोज सांभाळावं लागतं. बागेत बसला तर माळी म्हणाला, "काय साहेब, घर नाही का?" बसस्टँडवर ओळखीचे भेटायचे. दवाखान्याच्या बाकावर टेकला तर नर्सने विचारलं, "पेशंट कुठे आहे?" "येतोच आहे," म्हणून तो सटकला. सकाळी चार दुकानं पालथी घालायची, "नंबर ठेवून जा" ऐकायचं, आणि मग संध्याकाळपर्यंतचा दिवस डोंगरासारखा पुढ्यात उभा.

अशात त्याला वाचनालय सापडलं. पंखा होता, पाणी होतं, आणि कुणी कुणाची चौकशी करत नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. काही दिवसांनी ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर चढवून शेजारी उभ्या राहिल्या.

"वाचायला येता की नुसतेच बसायला?"

"वाचायला."

"मग पुस्तक कुठे आहे?"

त्याने मागे हात घालून फळीवरचं लागलं ते ओढलं. बाई आपल्या टेबलाकडे परतल्या.

पुस्तकांशी त्याचं कधी जमलंच नव्हतं. शाळेत वाचन म्हणजे त्याने उभं राहून अडखळायचं आणि वर्गाने खिदळायचं. शाळा सुटल्यावर त्याने वाचलं ते फ्रिजच्या पाठीवर लिहिलेलं असतं तेवढंच. पहिला दिवस तो तेच एक पान धरून बसला. दुसऱ्या दिवशी बाईंची नजर वळली म्हणून एक ओळ वाचली. मग तिच्या खालची.

कादंबरी होती. नदीवर नाव चालवणारी एक विधवा. तिच्या नवऱ्याला मारून कुणीतरी नदीत फेकलेलं, कुणी ते कळलेलं नाही. आणि एक दिवस पैलतीरी जायला एक माणूस येतो, त्याच्या बोटात तिच्या नवऱ्याची अंगठी. थंडोबाने मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं. डबा उघडायचा राहून गेला होता. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच, मधले काही तास, आपण कोण आहोत हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

मग चटकच लागली. वाचायचा सावकाश, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. कधी एखादं पान इतकं आवडायचं की उलटून परत पहिल्यापासून वाचायचा. सकाळची चार दुकानं दोनावर आली, मग एकावर. रस्त्याने स्वतःला शिव्या घालायचा. बाप अंथरुणाला खिळलेला, आई चुलीपुढे करपतेय, आणि तू गोष्टी वाच! पण पाय तिकडेच वळायचे.

तेवढ्यात वस्तादचा फोन आला. वस्ताद म्हणजे सेंटरमधला सगळ्यात जुना मेकॅनिक. याच्या हातात पहिला पाना त्यानेच दिला होता.

"कोल्ड स्टोरेजमध्ये माणूस हवाय. मॅनेजरकडे तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मंगळवारी अकराला जा. आणि हे बघ, माझं नाक कापू नकोस."

त्या रात्री थंडोबाला झोप लागली नाही. नोकरी मिळाली की आईला सगळं सांगायचं, एका दमात, वाईट आणि चांगलं एकदमच. मंगळवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून नेहमीच्या वेळी बाहेर पडला. उशिरा निघाला असता तर आईला संशय आला असता. अकराला अवकाश होता. वाचनालय वाटेतच होतं. अर्धा तास, फक्त अर्धा तास. घड्याळ तर समोरच होतं.

नाव नदीच्या मधोमध होती. धुकं उतरलं होतं, दोन्ही काठ दिसेनासे झाले होते. तो माणूस पाठमोरा बसून मागे न बघता बोलत होता, आणि बोलता बोलता तिच्याच नवऱ्याबद्दल सांगायला लागला होता. तिने वल्हं पाण्याबाहेर काढलं.

शेजारच्या म्हाताऱ्याने खुर्ची सरकवली. थंडोबाने वर पाहिलं. साडेबारा वाजले होते.

तो धावला. बसची वाट न बघता, लोकांना धक्के देत, शिव्या खात धावला. मॅनेजरने त्याच्या घामाने चिकटलेल्या शर्टाकडे पाहिलं. "अकरा म्हणजे अकरा. दुसरा मुलगा घेतला."

"साहेब, काहीही काम द्या. खोके उचलतो. झाडून काढतो."

"अरे, जागाच नाही!"

तो पाया पडायला वाकला, तेव्हा मॅनेजर खुर्ची मागे ओढून उठला आणि वॉचमनला हाक मारली.

संध्याकाळी कामावरून आल्यासारखा तो घरी पोचला, तर दारात वस्तादच्या चपला. आत वस्ताद खुर्चीत, आई भिंतीला टेकून उभी. बाबा उशीवरून मान उचलून बघत होते.

"ये," वस्ताद म्हणाला. "मॅनेजरचा फोन, अकराला कुणी आलंच नाही. मी म्हटलं पोराला अपघात झाला की काय, म्हणून धावत आलो. तर आई म्हणतात, कामावर गेलाय. कुठल्या कामावर, रे?"

आईचा आवाज अगदी साधा होता. "सेंटर बंद होऊन महिना झाला म्हणतात. मग मी रोज डबा कुणाला देत होते?"

तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"आज कुठे होतास?" वस्तादने विचारलं.

"वाचनालयात. पुस्तक वाचत होतो. वेळ कळली नाही."

मग वस्ताद हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "दारू प्यायला असशील तर तसं सांग. मीसुद्धा एकदा पिऊन नोकरी घालवलीय. पत्ते, पोरगी, काहीही सांग, मी समजून घेईन. पण पुस्तक? तू?"

"आईशप्पथ."

"माझी शपथ घेऊ नकोस," आई म्हणाली. जवळ आली, आणि लहान मुलाचं तोंड हुंगावं तसं त्याचं तोंड हुंगलं. काही सापडलं नाही, त्यामुळे ती जास्तच घाबरली. "खरं सांग रे. कुठल्या भानगडीत आहेस?"

वस्ताद गेला. जेवणं झाली नाहीत. आई दोन दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तिने त्याच्या पँटचे खिसे तपासले, गादीखाली हात घातला. बाबा काहीतरी म्हणायला बघायचे आणि शब्द जुळेनात की डोळे मिटून घ्यायचे. नोकरीविना तो इतके दिवस तग धरून होता, पण आईचं त्याच्या खिशात हात घालणं त्याला सोसवेना. छातीवर कुणीतरी कॉम्प्रेसर आणून ठेवल्यासारखं व्हायचं. जिथे जीव द्यायचे विचार यायला लागतात, त्या काठापर्यंत तो जाऊन आला.

तिसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच तो बाईंच्या टेबलापुढे उभा राहिला.

"बाई, माझ्या घरी चला. आईला सांगा की मी इथे होतो."

बाईंनी चष्मा काढला. "इतकी वर्षं नोकरी करतेय. वाचनालयात म्हणून सांगून मुलगा भलतीकडेच गेला, असं सांगत आलेत लोक. इथेच होता म्हणून साक्ष द्यायला कुणी नेलं नाही." मग त्याचा चेहरा बघून त्या थांबल्या. "मला टेबल सोडता येत नाही. आईंना इथे घेऊन या."

त्याने वसतिगृहात जाऊन आईला निरोप दिला. ती येईल असं वाटलं नव्हतं. पण दुपारी, कामावरून परस्पर, हाताला फोडणीचा वास तसाच असताना ती आली. दारात थबकली. इतकी कपाटं बघून पदर सारखा केला.

"हा इथे यायचा?" तिने हळू आवाजात विचारलं.

"रोज. त्या कोपऱ्यात."

"काय करायचा?"

बाईंनी थंडोबाकडे पाहिलं. सांगू की नको, असं. मग म्हणाल्या, "पहिले चारपाच दिवस रडायचा. भिंतीकडे तोंड करून. मी बघून न बघितल्यासारखं केलं. मग मलाच राहवेना, म्हणून पुस्तकाचं विचारलं. त्यानंतर वाचायला लागला."

आईने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बराच वेळ. मग शेजारच्या खुर्चीत बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस ना, मी आहे म्हणून निभतंय."

"अरे गाढवा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "ते पगाराबद्दल नव्हतं."

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "कुठलं ते पुस्तक?"

त्याने आणून दाखवलं. तिने मधलं पान उघडून दोन ओळी वाचल्या, पानं चाळून किती उरलीत ते बघितलं.

"संपवून टाक."

"आई, मला कामं बघायचीत."

"उद्यापासून बघ. हे अर्धवट डोक्यात ठेवून गेलास तर तिथेही गोंधळ घालशील. वाच. मी बसते."

सुरुवातीला अक्षरं नुसती तरंगत होती. आई शेजारी, हात मांडीवर, टक लावून बघतेय, अशात कोण वाचणार? मग केव्हातरी धुकं आलं, नाव आली. विधवा पैलतीराला पोचली तोवर आई टेबलावर डोकं टेकून झोपली होती.

घरी जाताना तिने विचारलं, "मारलं का तिने त्याला?"

"नाही. उतरू दिलं."

"मूर्ख बाई," आई म्हणाली.

काम लगेच मिळालं नाही. पुढचे तीन महिने फार वाईट गेले. आईने वसतिगृहात संध्याकाळचंही काम धरलं, आणि कित्येक सकाळी थंडोबाला अंथरुणातून उठावंसं वाटायचं नाही. शेवटी एका बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळायला लागला, सेंटरपेक्षा कमी पगारावर. वस्ताद त्याच्याशी कधीच पूर्वीसारखा बोलला नाही, आणि त्यात वस्तादची चूकही नव्हती. सुट्टीच्या दिवशी थंडोबा वाचनालयातून पुस्तक आणतो आणि बाबांच्या कॉटशी बसून वाचतो. मोठ्याने वाचताना तो अजूनही अडखळतो. बाबा घाई करत नाहीत.