जावी मोहल्ल्यातली पात

हाशमनं दारासमोर उभं राहून शर्टाची कॉलर सरळ केली, मक्केच्या उमऱ्यानंतर नुकत्याच भादरलेल्या डोक्यावरून भांग असल्यासारखा हात फिरवला आणि मगच कडी वाजवली. दोन पावलं मागे उभी राहून रईसा हे सगळं बघत होती. जुबैलला कंपनीच्या साहेबासमोर जातानाही या माणसानं कधी कॉलरकडे लक्ष दिलं नव्हतं. स्वतःच्या निकाहाच्या दिवशीसुद्धा ती चुलतभावानं, तौकीरनं, नीट करून दिली होती.

"कोण ऱ्हातं हितं?" तिनं विचारलं, जणू काही ठाऊकच नव्हतं.

"सांगितलं ना गो. शेख मुस्तफांचं घर. मलायाच्या हाजींचं सगळं बघायचे ते. मी त्यांची गाडी चालवायचो."

शेख मुस्तफा केव्हाच अल्लाला प्यारे झाले होते, हे रईसाला ठाऊक होतं. त्यांची मुलगी शरीफा अजून याच घरात राहते, हेही ठाऊक होतं. शरीफाचं नाव मात्र तिनं पहिल्यांदा ऐकलं ते हाशमकडून नव्हे, तौकीरकडून, तेही चुकून. जुबैलला रईसा नवी आली तेव्हा तौकीर जेवायला आला होता. भात खाता खाता म्हणाला, "भाबी, शरीफाच्या हातचा भात खाऊन खाऊन ह्याची जीभ बिघडलीय, तुमी वाईट वाटून घेऊ नका." हाशमनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तौकीरला ठसका लागला. तो ठसका रईसानं इतकी वर्षं जपून ठेवला होता.

तसा हाशम सरळ माणूस. कंपनीची बस चालवायची, घरी येऊन टीव्हीसमोर पेंगायचं. रईसा कॉलनीतल्या पोरींचे शाळेचे गणवेश शिवायची, मुलीला, उमामाला, शाळेत पाठवायची. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त शुक्रवारी हाशम स्वतः भात रांधायला घ्यायचा आणि पुदिन्याच्या काड्यांची गाठ मारून ती आधणात सोडायचा. रईसाच्या माहेरी, दापोलीकडे, पुदिना चिरून टाकतात. गाठ कोणी मारत नाही. "हे कुठं शिकलात?" असं तिनं एकदा विचारलं, तर "मक्केत" एवढंच म्हणाला. त्यानंतर दर शुक्रवारी ती गाठ तिच्या घशात अडकायची.

मग कुवेतवरून लढाई सुरू झाली. जुबैलमध्ये भोंगे वाजायला लागले, खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, कंपनीनं गॅसचे मुखवटे वाटले. उमामानं तो चढवून आरशात बघितलं आणि "लूक मम्मी, हाथी" म्हणून हसली, आणि रईसाला रडू कोसळलं. हाशमनं रजा काढली आणि दोघींना गाडीत घालून जेद्दाला तौकीरकडे आणलं. तिथून उमरा करायचं ठरलं. "उमामाला तौकीरच्या पोरांत ऱ्हाऊ दे. तुला जावी मोहल्ला दाखवतो," हाशम म्हणाला. मलाया, सुमात्रा, जावा या मुलखांतून पिढ्यांपूर्वी हजला येऊन मक्केतच रुजलेली माणसं. मक्का त्यांना सरसकट जावी म्हणते. रईसा लगेच तयार झाली. हाशमला वाटलं, हौस. हौस कसली, तिला ते तोंड बघायचं होतं.

सकाळपासून तो तिला गल्लीबोळातून फिरवत होता. हा मलायाच्या हाजींचा मुसाफिरखाना, ह्याच ओट्यावर मी झोपायचो. ही कोरीव लाकडी खिडकी बघ, आतून बाई सगळं बघते, बाहेरून ती दिसत नाय. हा मदरसा, त्यांची पोरं हितं शिकायची. ह्या दुकानात तळलेली केळी मिळायची. लढाईमुळे परदेशी यात्रेकरू आलेच नव्हते. मुसाफिरखान्याला कुलूप होतं आणि केळीवाला रेडिओला कान लावून रिकाम्या कढईसमोर बसला होता. हाशमची कळी मात्र खुलली होती. इतका तो लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून बोलला नव्हता. एकेका ओट्यावर त्याचा हात रेंगाळत होता आणि रईसाला त्या दगडांचासुद्धा हेवा वाटत होता.

दार शरीफाच्या भावानं उघडलं. रीतीप्रमाणे त्यानं हाशमला बाहेरच्या बैठकीत बसवलं आणि आतल्या पडद्याकडे बोट दाखवून रईसाला जायला सांगितलं. रईसा थबकली. "तुमी?"

"मी कसा येऊ आत? बायकांची बाजू हाय ती," हाशम म्हणाला. "मी कधीच नाय गेलो. ताट ह्या पडद्याखालनं यायचं."

पडद्याआड चौक होता आणि चौकात ती उभी होती. रईसाच्याच वयाची. अंगावर फुलाफुलांचा मलायी झगा, गोल चेहरा, गालावर एक सुरकुती नाही, आणि हसली तेव्हा दात मोत्यांसारखे. रईसाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारी, काळवंडलेली, जाडजूड अशी कितीतरी शरीफा तिनं मनात रंगवून ठेवली होती. ही त्यांतली एकही नव्हती.

"तुम रईसा," शरीफा म्हणाली. हिंदुस्तानी हाजणींशी बोलून शिकलेली तिची हिंदी होती. "आओ. पहले तुम्हारी चीज देखो."

भिंतीच्या कडेला तेलाच्या रिकाम्या डब्यांतून हिरवीगार पात माजली होती. लांब, तलवारीसारखी पानं. जवळ जायच्या आधीच वास आला आणि रईसाचा पाय जागीच राहिला. आंबेमोहोर पात, भाताला वास देणारी. तिच्या आईच्या न्हाणीमागे होती ती. लग्नानंतर हाशम पहिल्यांदा परत मक्केला निघाला तेव्हा तिनं त्यातला एक कोंब ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या बॅगेत घातला होता. म्हटलं, भातात टाका, माझी आठवण येईल. पुढच्या सुट्टीत त्यानं सांगितलं, मक्केच्या उन्हात कोंब सुकला.

"हमारी दादी भी मलाया से लाई थी," शरीफा म्हणाली. "एक गर्मी में मर गया. कितने साल इस घर के चावल में खुशबू नहीं. फिर तुम्हारे आदमी ने ये दिया. उसका कमरा नहीं था, धूप में कहाँ रखता? हम इसको गाँठ मारके डालते हैं, निकालने को आसान."

म्हणजे तिची आठवण म्हणून दिलेली पात इथे वाढली, हिच्या हातून गाठ मारून भातात गेली आणि तो भात हाशमनं पडद्याखालून घेऊन खाल्ला. रईसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सरळ विचारलं, "निकाह की बात हुई थी?"

शरीफानं नजर चुकवली नाही. "हुई. अब्बा ने मुझसे पूछा. मैं बोली, उसकी बीवी है मुल्क में. पहले उससे पूछके आए. वो हाँ बोले, तो मेरी भी हाँ." तिनं एक पिवळं पान खुडलं. "वो छुट्टी पे गया, पूछने. वापस आया, कुछ नहीं बोला. फिर जुबैल चला गया."

ती सुट्टी. रईसाला ती लख्ख आठवली. महिनाभर हाशम घुम्यासारखा वावरला. कौलं शाकारली, रहाट दुरुस्त केला, आणि निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, तुला तिकडं नेतो. बाकीच्यांच्या बायका गावात कुढत असताना माझ्या नवऱ्याला माझ्यावाचून राहवत नाही, याच तोऱ्यात ती इतकी वर्षं जगली होती. तो तोरा या चौकात, तेलाच्या डब्यांशेजारी, गळून पडला.

निघताना शरीफानं एक कोंब मुळांसकट काढला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. नको म्हणावं असं रईसाच्या ओठांवर होतं. पण पात तिच्या आईची होती.

परत जेद्दाला जाताना हाशम गाडी चालवत होता. मक्का मागे पडली तेव्हा रस्त्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं, "बरी हाय ती?"

त्यानं तिचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते रईसानं.

"म्हातारी झाली," रईसा मान खिडकीकडे वळवून म्हणाली. "तोंडात दात नाय एक."

हाशमनं मान हलवली.

लढाई संपली आणि ते जुबैलला परतले. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर वाऱ्याबरोबर यायचा आणि भरदिवसा आभाळ काळवंडायचं. गॅलरीतल्या डब्यात रईसानं पात लावली होती. रोज सकाळी ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची, काजळी धुवायची आणि मनातल्या मनात शरीफाला शिव्या द्यायची. पात फोफावली, पण तिनं तिचं एक पानही भातात टाकलं नाही. हाशमनंही मागितलं नाही.

मग एका शुक्रवारी हाशमच्या आधी तिनंच भाताचं आधण ठेवलं, ती गॅलरीत गेली आणि एक पान खुडून आणलं. कापायला सुरी घेतली, ठेवली, आणि पानाला गाठ मारून ते आधणात सोडलं.

जेवताना हाशमला भातात गाठ सापडली. त्यानं ती दोन बोटांनी उचलून ताटाच्या कडेला ठेवली. घास मात्र तोंडापर्यंत गेला नाही.

"दात हायत तिला," रईसा म्हणाली. "सगळे. देखणी हाय."

"ठाव हाय."

"कसं?"

"तू खोटं बोललीस की मान तिकडं फिरवतंस."

रईसानं उमामाच्या ताटात भात वाढला. मग इतक्या दिवसांचं जे होतं ते बाहेर आलं. "त्या सुट्टीत मला विचारायला आलावता ना? मग विचारलं का नाय?"

हाशमनं घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"तू हो म्हटलं असतंस तर?"

त्यानं आणखी भात वाढून घेतला आणि खाली मान घालून जेवत राहिला. उमामानं पाणी मागितलं, रईसानं दिलं. जेवणं झाल्यावर तिनं ताटं उचलली. मोरीशी बसून हाशमच्या ताटाच्या कडेची पात तिनं हातात घेतली, नखानं गाठ सोडवली आणि ते लिबलिबीत हिरवं पान बोटांनी सरळ करत ती बराच वेळ तिथेच बसून राहिली.